आता काय वाटत न्हाय

आईला मी मानसोपचारवाल्या बाईंकडं नेलतं, एवढं एक वाक्य टाकलं की समोरचं माणूस खुर्ची पुढं ओढतंय. तुम्हीबी ओढली असणार. हातात चहा असंल तर कप खाली ठेवला असणार. ओढा की, माझी ना न्हाय. पण आधीच सांगून ठेवतो, मागनं तक्रार नको. ह्यात कोण कपडे फाडत न्हाय. कोण अंगात येऊन घुमत न्हाय. अंधारी खोली न्हाय, आडवं व्हायचा कोच न्हाय, डोळ्यापुढं हलणारं घड्याळ तर अजिबात न्हाय. लहानपणी घडलेली कसली तरी भयानक गोष्ट शेवटच्या पानावर बाहेर येईल म्हणून थांबला असाल तर उठा, एसटी चुकंल. आई माझी येडी नव्हती आन आजबी न्हाय. आमच्या घरात त्या पदाला लायक माणूस एकच हाय, ते सध्या लिहायला बसलंय.

मग झालतं काय? तर आई मला शिव्या द्यायची बंद झालती.

एवढंच. हसू आलं असंल तर तुमची आई तुम्हाला अजून शिव्या देते असं समजतो. नशीबवान हायसा.

माझा धंदा आवाजाचा. रिक्षावर कर्णा लावून फिरवतात ना, साड्यांचा सेल, नवीन शिकवणी, हरवलेलं कुत्रं, त्यातला आवाज बऱ्याचदा माझा असतो. कोल्हापुरात एका बोळात स्टुडिओ हाय, स्टुडिओ म्हंजे गाद्या ठोकलेली एक खोली, तिथं दिवसभर मी माईकपुढं माता-भगिनींना हाका मारतो. सासूचा आवाज पायजे, सासूचा. म्हातारा पायजे, म्हातारा. कुत्रं हरवलेल्या जाहिरातीत ते कुत्रंबी मीच. ही विद्या मला कुणी शिकवली न्हाय. कुरुंदवाडच्या शाळेत सातवीत असताना मी दाराआड उभं राहून हेडमास्तरांच्या आवाजात अख्ख्या वर्गाला सुट्टी दिलती. आवाज इतका बरोबर निघाला की दोन मास्तरबी घरी गेले.

पण माझी सगळ्यात जुनी नक्कल आईची. आईच्या शिव्यांना एक शिस्त होती. पहिली शिवी जनावराची, दुसरी भाजीची आन तिसरी सरळ आण्णांच्या, म्हंजे माझ्या वडलांच्या, खानदानाची. रेड्या, दोडक्या, तुझा आज्जाबी असाच चिखलाचं पाय घेऊन आत यायचा. एवढ्यात माझं जीवशास्त्र आन इतिहास दोन्ही विषय आटपायचे. मी ताटावर बसून तेच तिला परत करून दाखवायचो, तशाच चढत्या आवाजात. ती भिंतीकडं तोंड करून हसून घ्यायची, मग वळून हातात असंल ते फेकून मारायची. लाटणं असंल तर नेम चुकवायची, भाकरी असंल तर बरोबर मारायची. घरातली सगळ्यात प्रेमळ गोष्ट कंची असं कुणी विचारलं असतं तर मी हीच सांगितली असती, पण असलं कोण विचारत न्हाय.

मी कोल्हापुरात खोली करून राहतो, रविवारी कुरुंदवाडला घरी जातो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी फाटक उघडं टाकून आत गेलो. मागनं शेजारची शेळी आली आन आईनं तीन वर्षं जपलेला कढीपत्ता बुडख्यापतोर खाऊन गेली. आई बाहेर आली. तिनं दांड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून तयारीत. रेडा येणार, का बैल येणार, एवढाच प्रश्न होता.

आई म्हणाली, "असू दे."

मला वाटलं, हे सुरुवातीचं हाय, पुढं कायतरी येतंय. कायबी आलं न्हाय. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. दुपारचे बारा वाजलेले आन तिची वेणी घालायची राहिलेली.

आण्णा खूश होते. साखर कारखान्यातनं रिटायर झालेलं माणूस, आयुष्यभर मशीनचा आवाज ऐकलेला. म्हणाले, चाळीस वर्षांनी घरात जरा निवांत वाटाय लागलंय, तू येऊन बिघडवू नकोस. आमच्या भागात निवांत हा शब्द सगळ्याला चालतो. पाणी उंबऱ्यापतोर आलं तरी फोनवर काय चाललंय विचारलं की माणूस निवांतच म्हणतं. त्यामुळं आईचं निवांत कुणी मनावर घेतलं न्हाय.

मी घेतलं. मी मुद्दाम उचापती सुरू केल्या. ओला टॉवेल गादीवर टाकला. असू दे. दुधावर लक्ष ठेव म्हणाली तर उभं राहून दूध उतू जाऊ दिलं, शेगडी सगळी पांढरी झाली. असू दे. टीव्ही लावायची पण आवाज बंद करून बसायची, आन त्यात कोण काय करतंय हे विचारलं तर तिला सांगता यायचं न्हाय. मग एका रविवारी मी ठेवणीतलं काढलं. जेवताना म्हणालो, शेजारच्या काकूंचा रस्सा हल्ली तुझ्यापेक्षा भारी होतोय. असलं वाक्य आधी कोण बोललं असतं तर ताटासकट अंगणात गेलं असतं. आई हातातल्या भाकरीचा तुकडा मोडत बसलेली. खात नव्हती, नुसती मोडत होती. ती म्हणाली, होत असंल.

त्या दिवशी मी एसटीत बसलो आन मला भ्या वाटलं. आईची नक्कल आता मलाच येती, आईला येत न्हाय, असलं कायतरी डोक्यात आलं आन शिरोळ येईपतोर गेलं न्हाय.

आमच्याकडं न कळणाऱ्या दुखण्याला एकच इलाज, सलाईन. आण्णांनी आईला गावातल्या डॉक्टरकडं नेऊन एक पांढरी आन एक पिवळी अशा दोन लावून आणल्या. पिवळी ताकदीची असती म्हणे. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, सगळं ठीक आलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी आईला पाच-सहा प्रश्न विचारले, झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का, आन आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की हे अंगाचं न्हाय, मनाचं दुखणं वाटतंय, कोल्हापुरात एक समुपदेशन करणाऱ्या बाई हायत, त्यांना दाखवा, उशीर करू नका.

आण्णा दवाखान्याच्या पायरीवरच थांबले. म्हणाले, म्हंजे येड्याची डॉक्टर? मी म्हणालो, नव्हं, बोलायची. आण्णा म्हणाले, बोलायला डॉक्टर कशाला, आम्ही हाय की घरात. मग मी त्यांना विचारलं की तुम्ही आईशी शेवटचं काय बोललासा. आण्णांनी लई वेळ आठवलं. चप्पल घातली, काढली, परत घातली.

"मीठ दे म्हणालतो," ते म्हणाले.

मग तयार झाले. अट एकच, गल्लीत कळता कामा नये. बाईंची खोली राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर, शेजारी दातांचा दवाखाना, बाहेरचा बाक दोघांत मिळून एक. आण्णांना ते बघूनच सुचलं. गल्लीत सांगितलं, दाताला दाखवाय नेतोय. झालं, दर गुरुवारी आई दाताला जाय लागली.

आता एक दात काढायला किती गुरुवार लागतात? पहिल्या गुरुवारी काकूंनी विचारलं, निघाला का? आण्णा म्हणाले, निघाला. दुसऱ्या गुरुवारी परत विचारलं, आण्णा घाबरून म्हणाले, आणि एक निघाला. तिसऱ्याला ते म्हणाले, डावीकडचं झालं. काकूंचा जीव कळवळला. चावाय नको म्हणून त्या रोज काय ना काय मऊ करून आणाय लागल्या, शिरा, खिमट, मऊ भात. आई बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असताना ओट्यावर बसून शिरा खायची आन काकू समोर बसून म्हणायच्या, हळू गिळा, हिरडीला लागंल. आईनं त्यांना खरंबी सांगितलं न्हाय आन खोटंबी न्हाय. ती फक्त कमी हसायची, ते त्यांना दातामुळं वाटायचं.

पण मी पुढं पळालो. पहिला गुरुवार सांगायचा राहिला, आन सगळं त्यातच हाय.

म्याडम माझ्याच वयाच्या असतील, फारतर दोन वर्षं मोठ्या. पुण्याकडच्या. कापून ठेवल्यासारखं स्वच्छ मराठी. आईनं अट घातली की पहिल्या दिवशी ह्याला आत बसू दे, म्हणून मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. आधी थोडा घोळ आईच्या बोलण्याचाच झाला. आमच्याकडं बायकाबी मी गेलो, मी आलो, मी जेवलो असंच बोलतात. आई म्हणाली, सकाळी मी उठतो, मग मी अंघोळ करतो. म्याडमनी दोनदा माझ्याकडं बघितलं, त्यांना वाटलं आई माझं सांगतीया. मी मान हलवून सांगितलं की मी एवढ्या सकाळी अंघोळ करत न्हाय, ह्या आईच हायत.

मग म्याडमनी त्यांचा प्रश्न विचारला. अगदी हळू, पुढं वाकून.

"रोज सकाळी उठल्यावर काय वाटतं?"

आई म्हणाली, "उठल्या उठल्या कोण वाटतंय? अंघोळ झाल्याव वाटायचो."

म्याडम थांबल्या. "नाही, म्हणजे, साधारणपणे. काय काय वाटतं?"

"कांदा-खोबरं. लसूण, आलं, कोथमीर. रविवार असला तर तीळ आन खसखस. खोबरं भाजून घ्यायचं आधी."

मी ओठ चावून भिंतीवरचं कॅलेंडर बघाय लागलो. वाटण ही आमच्याकडची मोठी गोष्ट. ते ज्याच्या हाताचं चांगलं त्याच्या घरचा रस्सा चांगला, आन ज्याच्या घरचा रस्सा चांगला त्याच्याकडं पावणं दोन दिवस जास्त राहणार. आईनं जन्मात वाटतं हा शब्द मनाशी जोडून कधी वापरला नव्हता. तिला बरं असायचं, वाईट असायचं, जीव वर-खाली व्हायचा. वाटायचं ते पाट्यावर. मी शेवटी न राहवून म्हणालो, आई, त्या तसलं वाटणं विचारत न्हाईत, मनातलं विचारतात. म्याडमनी माझ्याकडं न बघताच हात वर केला, गप्प बसा म्हणून. आन आईलाच पुढं विचारलं.

"मग आता?"

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आता काय वाटत न्हाय," ती म्हणाली.

मी आवाजाचा माणूस. कुणी एक वाक्य बोललं की त्यात हवा किती आन वजन किती हे मला आपोआप कळतं, त्यावर तर पोट चालतंय. ते वाक्य मी नंतर खोलीवर एकटा बसून कितीतरी वेळा तिच्या आवाजात म्हणून बघितलंय. तिला खोबरं म्हणायचं होतं का दुसरं काय, मला आजपतोर कळलं न्हाय. बहुतेक त्या वेळी तिलाबी कळलं नसंल. म्याडमचं पेन मात्र थांबलेलं. त्यांनी नुसतं, कधीपासून, एवढंच विचारलं.

मग आई बोलाय लागली. तक्रार म्हणून न्हाय, लाईटचं मीटर वाचून दाखवल्यासारखी. आण्णांना पित्ताचा त्रास, डॉक्टरनी तिखट बंद केलं. आक्का, म्हंजे माझी थोरली बहीण, लग्न होऊन इचलकरंजीला गेली, तिच्याकडं पाकिटातला मसाला चालतो. पोरगा कोल्हापुरात खानावळीत जेवतो. घरात दोन माणसं आन वाटीभर मुगाची डाळ. तिला काय वाटण लागतंय? पाट्यावर ह्यांनी कुंड्या ठेवल्यात, चांगल्या दिसत्यात. पोरानं मिक्सर आणून दिला, त्यो नवाच हाय अजून. झाकणाचा कागदबी काढला न्हाय.

त्यो मिक्सर मी पहिल्या कमाईतनं आणलेला. बॉक्सवर रिबन लावून. आईच्या हाताला आराम म्हणून. कोपऱ्यातली खुर्ची अचानक लई बोचाय लागली.

आता तुम्हाला वाटंल, म्याडमनी सांगितलं असंल, जा, पाटा धुवा आन वाटाय लागा, आन आई बरी झाली. मलाबी तसंच वाटलेलं. मी तर घरी जाऊन कुंड्याबी उचलल्या. म्याडमनी तसलं काय सांगितलं न्हाय. त्या म्हणाल्या की दिवसातनं एकच काम, आपल्याला जमंल एवढंच, आपण ठरवून करायचं आन कॅलेंडरवर खूण करायची. देवळापतोर चालून येणं, वेणी घालणं, काहीबी. दुसऱ्या गुरुवारी आई कोरं कॅलेंडर घेऊन गेली. मला वाटलं, आता म्याडम रागावणार. बाहेर आल्यावर आईनं सांगितलं, त्या म्हणाल्या, असू दे. मी कपाळाला हात लावला. एक असूदेवाली घरी होती, आता दुसरी गाठ पडली.

दुसऱ्या गुरुवारपासून मी आत नव्हतोच. आई एकटीच जायची, पाऊण तास. मी बाहेरच्या बाकावर, गालाला रुमाल बांधलेल्या माणसांच्या मधी. मधली भिंत प्लायची होती, पण मी कानात हेडफोन घालून गाणी मोठ्यानं लावून बसायचो. आईचं आतलं बोलणं चोरून ऐकायचं न्हाय, एवढी लाज मला हाय. ह्या लाजेनंच पुढं घात केला. प्लायमधनं किती ऐकू येतंय हे मला कधी कळलंच न्हाय.

तिसऱ्या गुरुवारी कॅलेंडरवर दोन खुणा होत्या. एक वेणीची, एक देवळाची. आईनं जिना उतरताना म्हटलं, ती पोरगी जेवत न्हाय वाटतं टायमावर, हाताची हाडं दिसत्यात. मी लगेच आण्णांना फोन केला. आण्णांनी ते वाक्य माझ्याकडनं दोनदा ऐकलं. कुणाविषयी तरी ती कायतरी बोलली, हीच बातमी होती.

चौथ्या गुरुवारी म्याडमनी मला दारात बोलावून आईला विचारलं की मुलाशी पाच मिनिटं बोलले तर चालेल का. आई म्हणाली, विचारा की, खरं सांगंलच असं न्हाय. आन बाहेर जाऊन बसली. मी आत गेलो. म्याडमनी विचारलं की आई पूर्वी कशा होत्या, म्हणजे हे सुरू व्हायच्या आधी.

मला सांगता येईना. मायाळू म्हणावं तर सगळ्यांचीच आई मायाळू. बडबडी म्हणावं तर ते चुकीचं. मला आवाज येतात, शब्द येत न्हाईत. मी विचारलं, करून दाखवू का? म्याडमनी पेन खाली ठेवलं.

मी उठलो. गळ्यातला रुमाल डोक्यावर घेतला, एक हात कमरेवर. मागं एकदा मी केसाला तपकिरी रंग लावून घरी गेलतो, तो प्रसंग घेतला. आवाज खालनं सुरू केला आन चढवत नेला. आरं रेड्या, डोस्क्यावर शेण कुणी सारवलं? मेल्या, पडवळ्या, तुझ्या आज्ज्यानं जन्मभर डोस्क्याला तेल लावलं न्हाय आन तू रंग लावतोस? हात लावू नको भाकरीला, त्यो रंग उतरंल तिच्यात. मेल्या हा शब्द मी आपला पुण्याकडच्या माणसाला समजावा म्हणून घातला, कलाकाराला तेवढी सूट असती. म्याडम आधी गालात हसल्या, मग तोंडावर हात धरून हसल्या, मग खुर्चीत मागं टेकून हसल्या. मी आणखी चढलो. आण्णांचं खानदान पार खापरपणज्यापतोर नेलं. पब्लिक एकच होतं, पण एवढं भारी पब्लिक मला परत मिळालं न्हाय.

मग मी हात जोडून, कार्यक्रम संपल्यासारखं, म्हणालो, "अशी होती बघा आई."

पुढं एक विनोद तयार होता, तो बाहेर येईना. म्याडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. दोन मिनिटं मला कुणाचाच आवाज काढता आला न्हाय.

दार उघडून बाहेर आलो तर अख्खा बाक माझ्याकडं बघत होता. दाताचं एक गिऱ्हाईक तोंडात कापूस असताना हसायचा प्रयत्न करत होतं, त्याच्या डोळ्यातनं पाणी येत होतं. दातवाल्याची नर्स दारात. आन बाकाच्या ह्या टोकाला, प्लायला पाठ टेकून, आई. तिच्या तोंडावर कायबी नव्हतं. ती म्हणाली, चल.

जिना उतरताना मी आईच्या दोन पायऱ्या मागंच राहिलो. चार आठवडे एक पोरगी थेंब थेंब पाणी घालत होती आन मी सगळं रोपटं एका मिनिटात उपटलं, असं मला वाटलं. आईनं आता परत यायला न्हाय म्हटलं तर? तिनं म्याडमचं तोंड बघायलाबी न्हाय म्हटलं तर? आण्णांना मी काय सांगणार होतो, उजवीकडचंबी झालं म्हणून?

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो, म्हंजे उगं काळजी नको. आई त्यानंतर बरेच महिने जात राहिली. मधी म्याडमनी तिला एका डॉक्टरकडंबी पाठवलं, त्यांनी गोळ्या दिल्या, त्या तिनं घेतल्या. काही रविवार चांगले गेले, काही परत असू देचे गेले. आण्णा तिच्याशी बोलाय शिकले, म्हंजे पेपर मोठ्यानं वाचाय लागले, आन ती त्यातल्या चुका काढाय लागली. काकूंना खरं कळलं तेव्हा त्या दोन दिवस रुसल्या, शिरा वाया गेला म्हणून न्हाय, सांगितलं न्हाय म्हणून. मग एके दिवशी दार लोटून घेऊन हळूच पत्ता मागितला. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मला ह्यातलं काय माहिती नव्हतं. त्या दिवशी आम्ही स्टँडला जायला रिक्षा केली. आई एका कडंला, पिशवी मांडीवर, नजर समोर. सिग्नलला रिक्षा थांबली.

"होती म्हणालास," आई म्हणाली.

मी म्हणालो, काय?

"त्या पोरीला. अशी होती बघा आई. होती कुणाला म्हणत्यात रं? फोटूला हार घातल्याव म्हणत्यात. मी गेलो व्हय? भाईर बाकावर कोण बसलंतं मग, माझं भूत?"

मी म्हणालो, तसं न्हाय आई, मला म्हणायचं होतं की.

"तुला काय म्हणायचं होतं ते सगळ्या राजारामपुरीला कळलंय. आन मेल्या? मेल्या म्हणालो मी तुला कधी? जन्मात म्हणालो न्हाय. मेल्या नाटकातल्या बायका म्हणत्यात. मी नुसतं रेड्या म्हणालतो. आन शेण न्हवं, चिखल म्हणालतो, डोस्क्यावर चिखल कुणी सारवला. शेणानं सारवलेलं चांगलं दिसतंय. एक वाक्य धड ध्यानात ठेवता येत न्हाय आन म्हणं कलाकार. आन असला चिरका आवाज हाय व्हय माझा? मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यागत?"

सिग्नल सुटला. रिक्षावाला आरशातनं बघत होता. तो म्हणाला, मावशी, जरा लांबनं घेऊ का, तुमचं होऊ दे. आई म्हणाली, तू फुडं बघ, तुझ्या आईनं तुला गाडी चालवाय पाठवलंय. तो खूश होऊन पुढं बघाय लागला.

"आन दूध मुद्दाम घालवलंस, टॉवेल मुद्दाम टाकलास, मला कळत नव्हतं व्हय? सगळं कळत होतं. दिसत होतास की समोर, दोडक्यासारखा उभा. पण तोंड उघडायचं बळच नव्हतं रं अंगात. शिव्या द्यायला बी ताकद लागती, ती काय फुकट येत न्हाय." तिनं पिशवी मांडीवर नीट केली. मला वाटलं, संपलं. "आन शेजारणीचा रस्सा भारी? तिच्या रश्श्याला तवंग बी धरत न्हाय. तिचा नवरा आमच्यात येऊन खात होता लपून, तिला इचार. तुझी जीभ झडली कशी न्हाय ते म्हणताना?"

मी रडत नव्हतो. मी फक्त रिक्षाच्या बाहेर तोंड काढून बसलतो.

"तोंड आत घे, बस येईल मागनं. आन दाखवायचीच होती तर नक्कल कशाला दाखवतोस, घोड्या? अस्सल भाईर बसलेली की. हाक मारायची. मी आत येऊन तुला समोरासमोर दिल्या असत्या चार, तिलाबी कळलं असतं, त्या दातवाल्यालाबी कळलं असतं. आन पूस ते डोळं, माणसं म्हणतील आईनं मारलं. आन फुडल्या गुरुवारी येताना ती दाढी करून ये. असला अवतार घेऊन बसतोस तिच्याफुडं, ती पोरगी आपल्या वहीत काय लिहीत असंल माझ्या नावानं?"